वनमालामावशी आणि धुतलेला फिल्टर

एअर फिल्टर धुवायचा नसतो, हे नंदकुमार सावंतला कळलं तेव्हा धुतलेला फिल्टर गाडीत बसवून झाला होता आणि गाडी सोसायटीच्या फाटकातच तीनदा खोकून गप्प झाली होती.

त्याचंही फारसं चुकलं नव्हतं म्हणा. त्र्याऐंशी सालच्या त्या रविवारी दुपारी तीन वाजता त्याची फियाट मढच्या एका बंगल्यात पिक्चरच्या शूटिंगला उभी राहायची होती. बंगल्याच्या फाटकातून हिरॉइनचा बाप येणार, तो नंदकुमारच्या गाडीतून! प्रॉडक्शनवाल्या रतनने बजावलं होतं, "सावंत, गाडी एकदम चकाचक पाहिजे. आणि तीन म्हणजे तीन. दुसरी गाडी मी सांगून ठेवलीय." तेव्हापासून नंदकुमारचे पाय जमिनीवर नव्हते. सकाळी सहाला उठून त्याने टायर धुतले, पायपुसण्या धुतल्या, मग बॉनेट उघडलं, तर आत हा काळाकुट्ट गोल फिल्टर! लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस. मळलेली वस्तू टाकतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. मळलं की धुवायचं. त्याने फिल्टर सोड्याच्या पाण्यात भिजवला, ब्रशने घासला आणि दोन चिमटे लावून दोरीवर बायकोच्या, मीराच्या, परकराशेजारी वाळत घातला.

"नीळ पण घालायची होती ना," मीरा म्हणाली.

आता त्या फिल्टरच्या कागदी घड्यांचा पार लगदा झाला होता. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळी सोसायटी गॅलरीत. तळमजल्यावरचा धोंडू ओरडला, "अरे, फिल्टर काढून टाक नि गाडी तशीच पळव!" पण नंदकुमारने लगदा वर्तमानपत्रात गुंडाळला, रिक्षा पकडली आणि बोरीवली स्टेशनजवळचं 'राजाराम मोटर स्टोअर्स' गाठलं.

दुकानात वनमालामावशी वाल सोलत बसल्या होत्या. ते दुकान म्हणजेच मावशी. नवरा राजाराम गेल्यावर दीर सांगायला आले होते, वहिनी, दुकान विकून टाका, बायकांचं काम नव्हे. मावशींनी त्यांना चहा पाजला, लाडू दिला, स्टेशनपर्यंत पोचवलं आणि येताना दुकानाला नवीन कुलूप घेऊन आल्या. मग वर्षभर त्या एकेक डबा उघडून, एकेक पार्ट हातात घेऊन, वाल सोलावेत तशा सगळा माल शिकल्या. देवगडची बाई, डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. आता बोरीवलीतले मिस्त्री मापासाठी पट्टी आणत नसत, "मावशी, जरा हात लावून बघा" म्हणत.

"मावशी, वाट लागली!" नंदकुमारने पुडकं काउंटरवर उलगडलं.

मावशींनी लगद्याकडे पाहिलं. मग नंदकुमारकडे पाहिलं. "धुतलास?"

"हो."

"पिळलास पण?"

"थोडासा."

"देवा म्हाराजा," म्हणून त्यांनी वालाची परात बाजूला सारली.

"लवकर द्या मावशी, तीन वाजता मढ! पिक्चरमध्ये आहे माझी गाडी!" त्याला एका जागी उभंच राहवेना. मागच्या फळीवर एक डबा झळकत होता: लाल, सोनेरी, वर पळणारा घोडा. "तो द्या, तो! झकास आहे!"

"डबा लावणार आहेस बॉनेटखाली?" मावशींनी तरी तो काढला, त्यातला फिल्टर हातात घेतला आणि सरळ दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. नंदकुमार मागोमाग. पाणी गाळायचं फडकं बघावं तसा त्यांनी फिल्टर सूर्यासमोर धरून हळूहळू फिरवला. "बघ. उजेड सगळीकडून सारखा मंद आला पाहिजे. हे काय दिसतंय?"

घड्यांच्या सांध्यात टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका लखलखत होता.

"एवढंसं भोक!"

"धूळ केवढी असते, शहाळ्याएवढी?" मावशींनी डब्यावर निळ्या खडूने फुली मारली. "हा उद्या परत."

दुसरा फिल्टर कागदाने चांगला निघाला. नंदकुमार तो जवळजवळ हिसकावून घेणार, तोच मावशींनी त्याच्या जुन्या फिल्टरचं पत्र्याचं कडं पुसलं आणि त्यावर ठेवलं. नवा सूतभर लहान होता.

"बसेल हो मावशी! दाबला की बसेल!"

"बसेल. कडेने वारा पण जाईल. मग फिल्टर कशाला, शोभेला?"

"पण धोंडू म्हणतो फिल्टरशिवाय पण गाडी पळते."

"पळते ना. मढचा रस्ता रेतीचा. ती रेती इंजिनात जाऊन वर्षभर दळण दळेल. तेव्हा तुझा तो धोंडू येणार आहे का?"

पाऊण वाजला. नंदकुमारच्या डोळ्यांपुढे रतन आणि ती दुसरी गाडी नाचू लागली. मावशी मात्र आत गेल्या, माळ्यावर चढल्या आणि एक साधा खाकी डबा घेऊन उतरल्या. पुन्हा ऊन. पुन्हा गोल फिरवणं. कुठेच ठिपका नाही. सगळा कागद ताकासारखा एकसारखा उजळला. मग कडं कड्याला लावलं: बरोबर. शेवटी त्यांनी रबराची किनार अंगठ्याने दाबली, सोडली, रबर फुगून जागेवर आलं.

"हा घे. आणि धुवू नकोस."

सव्वा वाजता नंदकुमार फाटकात, वीस मिनिटांत फिल्टर बॉनेटखाली, आणि किल्ली फिरवताच फियाटने असा सूर लावला की गॅलरीतून टाळ्या पडल्या. तीनला दहा कमी असताना ती मढच्या बंगल्यात वळली. रतन घड्याळाकडे बघत दुसऱ्या गाडीवाल्याला हात करत होता. तो हात त्याने तसाच वर नेऊन नंदकुमारला सलाम केला.

वर्षाने पिक्चर लागला. सगळी सोसायटी सहाच्या शोला निघाली, आणि नंदकुमारने हट्टाने मावशींना पण नेलं. राजाराम गेल्यापासून शनिवारी संध्याकाळी दुकान पहिल्यांदाच बंद होतं. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती, केसांत अबोलीची वेणी होती, आणि पडद्याकडे त्या उन्हात फिल्टर बघावा तशाच, डोळे बारीक करून बघत होत्या.

मध्यंतरानंतर बंगल्याचं फाटक उघडलं. गाडी आली! डौलात वळली, थांबली, दार उघडलं, बाप उतरला. अकरा सेकंद. धोंडूने शिट्टी मारली, मीराने नंदकुमारचा दंड धरला, मागच्या दोन रांगा उभ्याच राहिल्या.

नंदकुमारचे डोळे भरून आले होते. तो मावशींकडे वळून म्हणाला, "मावशी, पाहिलंत? कशी दिसली?"

"फिल्टर दिसला नाही," मावशी म्हणाल्या.