पावण्यांचा गॅस

माझ्या वडिलांना तंबाखूचं व्यसन नव्हतं, दारूचं तर नावच नको. त्यांना बचतीचं व्यसन होतं, आणि त्याची किंमत मोजली माझ्या आईनं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

पिंपळवंडीच्या पलीकडे मळ्यात आमचं घर. घरात आबा, आई आणि मी. मी शाळेत होते तेव्हा चहापुरता रॉकेलचा स्टोव्ह आणि बाकी सगळं चुलीवर, असा रिवाज होता. रॉकेल रेशनकार्डावर मिळायचं, पण महिना सरायच्या आत डबा कोरडा पडायचा. मग आबा कुठून तरी चढ्या भावानं आणायचे आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. नारायणगावच्या बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं, की राव, गॅस घ्या, स्टोव्हपेक्षा स्वस्त पडतो. झालं! आबा आठवडाभर ओसरीवर बसून बोटं मोजत होते. शेवटी आईला म्हणाले, "घिऊन टाकू. ह्यात आपला लई फायदा हाय."

नंबर लागायला दोन वर्षं गेली. टेम्पोतून टाकी उतरली तेव्हा आईनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेगडीसाठी आबांनी भिंतीला शहाबादी फरशीचा ओटा करून घेतला होता. त्या आठवड्यात मी आईला पहिल्यांदा उभ्यानं स्वयंपाक करताना पाहिलं. तिला मेलीला उभं राहायचं कसं तेच कळेना. कमरेवर हात ठेवून ती आमटीकडे बघत बसायची, म्हणजे बघत उभी राहायची, आणि मध्येच माझ्याकडे वळून हसायची. डोळे कोरडे, नाक कोरडं. तोपर्यंत मला वाटायचं, आईचे डोळे लालच असतात.

तो आठवडा संपला आणि आबा रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या दुकानात गेले. दुकानदारानं कार्ड उघडलं आणि परत केलं. "तुमचं रॉकेल बंद झालं, भाऊ. ह्यो शिक्का बघा की."

गॅस देताना कार्डावर जांभळा शिक्का मारला होता, 'गॅस' असा. आबांना ती पोचपावती वाटली होती. कार्ड त्यांनी चार जणांना कौतुकानं दाखवलंसुद्धा होतं. गॅस असलेल्या घराला रॉकेल मिळत नाही, हे आमच्या हिशेबी माणसाला माहीतच नव्हतं. त्यांचा सगळा फायदा थोडा गॅस आणि थोडं रॉकेल अशा दोन पायांवर उभा होता, आणि एक पाय त्या शिक्क्यानं काढून घेतला.

दुकानातून आल्यावर आबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. ओट्यापाशी गेले, टाकी दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "आजपास्नं गॅस फकस्त पावण्यांसाठी. घरच्यांला चूल हाय. सरपण काय, फुकटच हाय."

फुकट! बाभळीच्या फांद्या, तुरीच्या काट्या, उसाचं पाचट, सगळं आई डोक्यावरून आणायची, म्हणून ते फुकट. आणि आधी ओलं लाकूड पेटेना तर ती त्यावर चमचाभर रॉकेल तरी ओतायची. आता तेही नाही. पावसाळ्यात ती फुंकणी घेऊन अर्धा अर्धा तास चुलीशी वाकलेली असायची. म्हणजे गॅस घेऊन आमच्या घरातला धूर वाढला. असा फायदा दुसऱ्या कुणाला झालेला मला तरी माहीत नाही.

कुणी विचारलं की आबांचं उत्तर तयार असायचं. "गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई." पारावर तर त्यांची फुशारकी ऐकून घ्यावी. लोकांच्या टाक्या दीड-दोन महिन्यांत संपायच्या. आबा म्हणायचे, "आमची टाकी संपतच न्हाई राव! बाईमाणसाला वळण पाहिजे." ते वळण चुलीपाशी खोकत बसलेलं असायचं.

मधल्या काळात आईला पावण्यांचं वेड लागलं. तिच्यासाठी हाच शब्द मी तेव्हा वापरायचे. चतुर्थीला नातेवाईक लेण्याद्रीच्या दर्शनाला निघायचे, ती त्यांना आधीच निरोप धाडायची, की परस्पर जाऊ नका, चहा घेऊनच पुढं जा. पोस्टमनला बोलवायची, बांगड्यावालीला बसवून घ्यायची. एकदा शेतात खतासाठी मेंढरं बसवायला धनगरांचं बिऱ्हाड आलं, तर त्यातल्या तिघी बायांना ती घरात घेऊन आली. आबा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या काय पावण्या हायेत का?"

"दारात आल्यात, मंग पावण्याच की," आई म्हणाली आणि पदर खोचून ओट्यापाशी गेली.

सगळ्या मळ्यात तिचं नाव झालं. माणसांची लई हौस आहे या बाईला, असं बायका म्हणायच्या. मी मात्र चिडायचे, कारण कपबशा मला विसळाव्या लागायच्या. एकदा मी तिला बोललेसुद्धा, "तुला सगळ्या गावाला चहा पाजायचा मक्ता दिलाय का गं कुणी?" चहा उकळून वर आला होता, तिनं आच कमी केली. आच कमी करायला तिला फार आवडायचं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं की धूर होतो, इथं नुसतं बटण फिरवायचं.

पुढं माझं लग्न झालं, आंबेगाव तालुक्यात, मंचरला. तिथं सगळं गॅसवर, भाकरीसुद्धा, आणि चव कुठं पळून जात नव्हती. पहिल्यांदा माहेरी आले तर आईनं मला बघताच लायटर हातात घेतला. टिक, टिक, टिक. मी म्हटलं, "अगं, मी काय पावणी आहे का?"

"आता पावणीच की तू," ती म्हणाली. मला रडू यायच्या बेतात होतं आणि ही बया हसत होती, अगदी मनापासून. "बस तू. समदा सैपाक हितंच करते." त्या दिवशी तिनं दोन भाज्या केल्या, भात केला, दूध तापवलं, आंघोळीचं पाणीसुद्धा गॅसवर ठेवायला निघाली होती. आबा येता-जाता टाकीकडे बघत होते, पण जावई ओसरीवर बसलेले, बोलतात काय! जेवताना माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून आई एकदाही खोकली नाही.

पोस्टमन, बांगड्यावाली, त्या धनगरणी, सगळे एकदम डोळ्यांपुढं आले. तिला माणसांची हौस नव्हती. माणूस दारात आल्याशिवाय तिला बिनधुराचा श्वास मिळत नव्हता. एवढी वर्षं मी तिच्या हाताखाली कपबशा विसळल्या आणि मला हे दिसलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

मागच्या दारी गाठून मी तिला विचारलं तर म्हणाली, "गप. आबांनला सांगू नकू." आणि मी खरंच गप्प बसले. वडिलांशी भांडायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं, तर महिन्याला माहेरी जायला लागले. पावणी म्हणून. मला वाटायचं, केवढी हुशारी केली आपण! महिन्यातला एक दिवस मी तिला धुरातून सोडवत होते आणि उरलेले दिवस तिथंच सोडून येत होते. एकदा मी म्हटलं, आबा, दर महिन्याची टाकी मी भरून देते. तर ते केवढ्यानं ओरडले, "लेकीच्या पैशानं चूल पेटवायची येळ आली न्हाई अजून." चूल म्हणाले. गॅस नाही.

तिला दम लागायला लागला तेव्हा आम्ही तिघं डॉक्टरकडं गेलो. त्यांनी छाती तपासली, फोटो बघितला आणि विचारलं, "स्वयंपाक कशावर करता? धूर अजिबात चालणार नाही. घरात गॅस आहे का?"

"हाय की!" आबा म्हणाले. "कवापास्नं हाय."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि औषधं लिहायला घेतली. आबा खोटं बोललेच नव्हते. आई खाली बघत होती. मी तिच्या शेजारी, माझं तोंड तर कुणी बांधलेलं नव्हतं. "आहे, पण लावत नाहीत," एवढे चार शब्द. ते मी बोलले नाही, कारण डॉक्टरांसमोर वडिलांची शोभा व्हायला नको. शोभा राखली मी त्यांची.

शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ राहायला गेले होते. खाटेवरून तिला उठवत नव्हतं. दुपारी मी तिच्यासाठी चहा ठेवायला ओट्यापाशी गेले, लायटर दाबला. टिक, टिक. तर आतून खाटेची करकर ऐकू आली. जाऊन बघते तर ती कोपरावर उठून डोक्यावरचा पदर सारखा करत होती. चेहरा कसा खुललेला. म्हणाली, "कोण पावणं आलंय गं?"

"कोणी नाही आई. तुझ्यासाठीच ठेवलाय."

तिला ते पटेना. माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच आडवी झाली. "मंग आबांनला बी ठिव कपभर," ती म्हणाली. "पेटवलाच हाय तर."

ती पंधरा दिवसांनी गेली. दहाव्याला घर माणसांनी भरलं आणि सकाळपासून दोन्ही बर्नर चालू होते. दुपारी टाकी संपली. आबा स्वतः शेजारून दुसरी घेऊन आले, खांद्यावर, आणि म्हणाले, "पावणं हायेत, च्या थांबाया नगं." मला तेव्हा ती टाकी उचलून ओढ्यात फेकावीशी वाटली.

नंतर दोनेक महिन्यांनी मी गेले. आगाऊ काही कळवलं नव्हतं. मागच्या दारानं आत आले तर चूल थंड, आत कोळ्यानं जाळं केलेलं. आबा ओट्यापाशी उभे होते, एकटेच. शेगडीवर छोटं पातेलं, त्यात एका माणसाचा चहा.

मी विचारलं, "कोण पावणं आलंय, आबा?"

"कोण न्हाई," ते म्हणाले. "आपलं मलाच." मग पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं. "चूल पेटवली व्हती दोन दिस. पर मला धूर सोसत न्हाई गं."

चहा त्यांनी माझ्यापुढं ठेवला. मी तो प्यायले नाही. कप तसाच ठेवून बाहेर आले आणि मंचरची गाडी धरली.