ताटलीची पाठ

चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या स्टोकमध्ये ताटली उलटवून कारखान्याचा शिक्का पाहायची सवय सगळ्यांनाच आहे. बेरिल मात्र ताटल्यांखाली आपल्या आजीला शोधत होती. आजी कारखान्यात ताटल्यांवर फुलं रंगवायची. तिचा एकही फोटो नव्हता. आपल्या कामाखाली ती खूण म्हणून हिरवी पताका काढायची, एवढंच आईने सांगितलं होतं.

शेजारच्या हिल्डाला पुरून आल्यावर सगळे चहाला जमले. बेरिलने हातातली ताटली उलटवली आणि केक खाली पडला.

"अगं बये, आधी खा तरी!" हिल्डाची बहीण ओरडली.

ताटलीखाली हिरवी पताका होती.

"ही मी नेऊ?"

"ने की. एरवी मांजरच जेवतं त्यात."

बेरिलने ताटली सुलटी केली, चुरा पुसला आणि आजीचं फूल पहिल्यांदाच पाहिलं. ते जरा घाईत काढलेलं होतं.