‘टेक’चे अकरा अर्थ

मार्चमधला शनिवार, सकाळी दहा, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलची लायब्ररी. हजर: लेकींकडे राहायला आलेल्या तीन चिनी आजी आणि त्यांना इंग्रजी शिकवणारी मी.

एका आजींनी इंग्रजी ‘टेक’चे अकरा अर्थ मी दिलेल्या यादीच्या क्रमाने घडाघडा म्हटले. मी वहीत टिक केली.

त्यांना न्यायला आलेली लेक भडकली. “काल डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या टेक करता का? आई मनात पहिल्या अर्थापासून मोजत बसली. ती गोळ्या घेतच नाही, असं त्यांनी लिहून टाकलं. तुमची टिक दाखवू त्यांना?”

संताप आला तो माझाच. शाळेत घोकंपट्टीला शिव्या घालत वाढले आणि इथे येऊन तीच राबवली. यादी फाडली. त्या आजी मात्र पुन्हा आल्या नाहीत. ‘हो, रोज घेते’ एवढं एक वाक्य त्यांना शिकवायचं अजून राहिलं आहे.