दोन सीटांची लाल गाडी

सात रस्त्याजवळच्या गॅरेजसमोर उन्हात तापलेल्या चामडी सीटचा वास आला आणि मी जर्मनीतल्या एका जुन्या दुपारी पोचलो. शिकत असताना साठवलेल्या पैशांत वापरलेलीच स्पोर्ट्स कार बसत होती. एक लाल, दोन सीटांची; दुसरी राखाडी, चार सीटांची. दोन्ही चालवून पाहिल्या. लालच्या काचेतून पिवळी शेतं संथ वाहत असल्यासारखी दिसत होती.

होटगीहून माझे वडील, आबा, फोटो बघून फोनवर म्हणाले, "लाल लई झ्याक हाय. पण आमी दोघं आलो तर तुज्या आईला कुटं बसवशील?"

मी हसलो आणि लालच घेतली.

दोन वर्षांनी आई गेली. मग आबा एकटेच आले. विमानतळाबाहेर लाल गाडीत माझ्या शेजारी बसले, मांडीवर पिशवी घेतली आणि हळूच म्हणाले, "पुरती की जागा."