अण्णांचे पांढरे बूट

सिडकोतल्या आमच्या कॉलनीत मी राहायला आले, त्या दिवशी शेजारच्या बोडकेअण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. टेम्पोतून सामान उतरेपर्यंत ते माझ्या पायांकडे बघत उभे. मग म्हणाले, "बूट लय नवे हाय. कुठं पळायचा विचार हाय?"

म्हटलं, झालं! शेजारी भलताच नग मिळाला.

अण्णा सिन्नरच्या कारखान्यात पत्र्याचं काम करून निवृत्त झालेले. संशयी मीही कमी नाही, दूधवाला हसला तरी मला दुधात पाणी दिसतं. पण अण्णांनी संशयाचं शास्त्रच केलं होतं. "तोंड झाकता येतं पोरी, पाय कुठं झाकणार? चपलेतला माणूस पळायच्या तयारीनं येत नाय. नव्या बुटाला आधी धरायचं, मग विचारायचं." एका अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आलेल्या भामरेबाईंच्या जावयाला त्यांनी कॉलर धरून ओट्यावर बसवलं. बूट सासूबाईंनीच घेऊन दिलेले! भामरेबाई अजून आमच्या गल्लीतून जाताना मान फिरवतात.

हसू येतं, पण त्यामागचं दुखणं खरं होतं. मी यायच्या आधी, भर सकाळी मारुतीला निघालेल्या मंदाकाकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र एका पोराने हिसकावलं होतं. त्याच्या तोंडाला रुमाल होता. पांढरे कोरे बूट तेवढे काकूंना आठवत होते. तेव्हापासून त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. भाजीसुद्धा खिडकीतून घ्यायच्या. अण्णा रोज म्हणायचे, "चल मंदे, मी हाय ना सोबत." काकू विचारायच्या, "तेव्हा कुठे होतात?"

मग एका उन्हाळ्यात अण्णांचं वागणं मला खटकायला लागलं. गच्चीवर ठोकाठोकी. हास्यक्लबला म्हणून पिशवी घेऊन निघायचे आणि हास्यक्लबवाले म्हणायचे, आलेच नाहीत. म्हातारा नक्की काहीतरी भानगड करतोय! मी मागावर गेले. बघते तर काय, मारुतीच्या देवळामागे अण्णा माकडटोपी चढवताहेत. डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, अंगात काळा रेनकोट, त्याच्या आत छातीला सुतळीने बांधलेलं स्टीलचं ताट आणि पायांत कोरे करकरीत पांढरे बूट. ऐन मे महिन्यात! घामाने नुसते निथळत होते.

"अहो अण्णा, हे काय सोंग?"

"राखणदार," ते म्हणाले. "चोराचा माग काढायचा तर बूट चोरासारखेच पाहिजे. देवळाला निघालेल्या बायांच्या मागं मागं चालतो. मंदाच्या कानावर गेलं पाहिजे की कॉलनीला कोणीतरी वाली हाय. मग येईल ती बाहेर. तिला बोलू नको. मी हाय म्हटल्यावर काय विश्वास बसायचा तिचा!"

बायकांना मात्र त्यात राखणदार कसा दिसणार? आठवड्यात बोभाटा झाला, तोंड झाकलेला एक माणूस मागे लागतो. काकूंनी खिडकीही लावून घेतली. "उलटंच झालं की," अण्णा म्हणाले. पण सोंग सोडेनात. एक चोर धरला की सगळ्यांना कळेल म्हणे.

एके दिवशी मी भाजी घेऊन चौकात पोचले, अण्णा मागे होतेच. काकू खिडकीच्या फटीतून बघत होत्या. त्यांनी आधी बूट पाहिले. नवऱ्यानेच शिकवलं होतं ना! "शीतल, पळ गं!" असं किंचाळत, हातात कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन काकू धावत आल्या. पहिला तडाखा छातीवर. ठण्ण! दुसरा खांद्यावर. "मंदे, मी हाय!" अण्णा ओरडले, पण तोवर तिसरा बसला होता. रेनकोट फाटला आणि काकूंचे डोळे विस्फारले. "मेल्या, हे तर माझं ताट!"

अण्णांच्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात काकू एकीकडे रडत होत्या, दुसरीकडे शिव्या घालत होत्या. त्या जरा बाहेर गेल्या तशी अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"खरं सांग. फाटकाबाहेर कुठवर आली होती ती?"

"चौकापर्यंत, अण्णा. अनवाणी."

"आणि आत्ता कुठं गेली?"

"समोरच्या दुकानात, तुमची औषधं आणायला. एकट्याच गेल्यात."

अण्णांनी डोळे मिटले. "मग मोडू दे," म्हणाले.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. काकू रोज सकाळी मारुतीला जातात. परवा मी नवे बूट घालून निघाले, तर त्या फाटकात थांबल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "कुठं पळायचा विचार आहे गं?" मला रडूच आलं.