झोपवलेली हरणे

गुरांच्या आणि वन्य जीवांच्या शुश्रूषेत तीस वर्षे वेचलेल्या त्या पशुवैद्यांना सारी कचेरी ‘वैद्यबुवा’ म्हणे. निवृत्तीनंतर पुतणीने त्यांना आपल्या व्हिडिओ गेमच्या कचेरीत आणले. गेममधल्या अरण्यातील प्राणी खऱ्यासारखे वागतात की नाही, हे पारखण्याचे दायित्व त्यांच्यावर होते. चाहूल लागताच हरीण आधी कान वळवते, मग मान, पाय सर्वांत शेवटी. हा क्रम त्यांनी तीन महिने खपून चित्रकारांकडून घोटवून घेतला होता. वेदपाठातील स्वराघाताइतकाच तो त्यांना अनुल्लंघ्य वाटे.

आणि आता ते कान वळत नव्हते.

चार दिवस वैद्यबुवा पडद्यापुढे निश्चल बसून दूरच्या कुरणातला कळप न्याहाळत होते. हरणे होती, प्राण नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली. ते पुतणीच्या मेजापाशी गेले, तशी तिने पडद्यावरची यादी घाईघाईने मिटली. तेवढ्यात त्यांनी वाचलेच: ‘हरणे: झोपवली. लांडगे: झोपवले.’

पशुवैद्याच्या कोशात त्या क्रियापदाला एकच अर्थ असतो. शेवटची सुई.

“काय गं, माझ्या हरणांचं काय केलंस?”

“काही नाही हो काका. चहा घेणार?”

चहा! म्हणजे पाणी नक्की मुरतेय. गेम प्रकाशित व्हायला दोन दिवस उरले असताना आपल्या तपश्चर्येवर बोळा फिरवला जात आहे, आणि तोही घरच्याच हाताने, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी कचेरीच्या साहेबांना पत्र लिहिले.

तासाभरात साहेब ते पत्र घेऊन दोघांपुढे उभे राहिले. “वैद्यबुवा, ‘सख्ख्या पुतणीने विश्वासघात केला’ असं लिहिलंय तुम्ही. खरं असेल, तर हिला आजच या कामावरून काढावं लागेल.”

पुतणीचा चेहरा उतरला. मग तिने हळूच विचारले, “काका, तुम्ही हरणं बघता कुठून?”

“कुठून म्हणजे? टेकाडाआडून. शहाणा माणूस जनावराच्या अंगावर जातो का?”

तिने कपाळाला हात लावला. “अहो, या आठवड्यापासून लांबची जनावरं मशीनच झोपवतं! सगळ्यांचे कान एकदम हलवायचे तर त्याला धाप लागते. जवळ गेलात की जागी होतात.”

“मग यादी का लपवलीस?”

“लांबून तुमची हरणं नुसती बाहुली असतात, हे तुम्हाला कोण सांगणार? अर्धा दिवस बोलणी खाल्ली असती.”

वैद्यबुवांनी संशयानेच खेळायचे बटणयंत्र उचलले आणि आयुष्यात प्रथमच टेकाड सोडून सरळ कळपावर चालून गेले. वीस पावलांवर एक कान वळला. मग मान. मग सारा कळप उधळला.

“बघितलंत?” साहेब हसत म्हणाले आणि निघून गेले.

वैद्यबुवांनी पत्रासाठी हात पुढे केला. पण साहेबांनी ते जाता जाता पुतणीच्या हाती दिले होते. तिने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि खुर्ची पडद्याकडे वळवली.

“लांडग्यांबद्दल काही संशय असेल, तर आत्ताच तोंडावर सांगा,” ती म्हणाली.

“शेपटी,” अखेर ते पुटपुटले, “जरा जास्तच हलवतो तो.”

“किती कमी करू?” तिने मागे न पाहता विचारले.