ईशान्येचा पक्का कोपरा

१४ डिसेंबर १९३६ रोजी मनकर्णाबाईंनी खुशालराव ठेकेदाराला घराच्या कामाचे शेवटचे एकशे बारा रुपये आठ आणे दिले. नव्वद रुपये चांदीचे होते, बाकी सगळी चिल्लर, आणि चिल्लरीला कोथिंबिरीचा वास येत होता. मी शेजारी, शिवाय कापसाच्या पेढीवर हिशेबनीस, म्हणून मोजायला मला बसवले होते. रक्कम बरोबर भरली. त्या घराच्या व्यवहारात बरोबर भरलेली तेवढीच एक गोष्ट, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळले.

मनकर्णाबाई माळी समाजाच्या. अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांची दीड एकराची बाग होती. नवरा गेल्यावर वीस वर्षे त्यांनी इतवाऱ्याच्या बाजारात वांगी, मेथी आणि सणावाराला झेंडू विकला. भाव सांगताना त्या गिऱ्हाइकाकडे पाहत नसत, तराजूकडे पाहत. एवढ्या वर्षांत आपल्याला कोणी फसवले नाही, हे त्या न विचारता सांगत. त्या कमाईतून त्यांनी पक्क्या विटांचे दोन खोल्यांचे घर उभे केले. घर पुरे होते न होते तोच मोर्शीहून, लेकीच्या सासरहून, निरोप आला की शकुनला दिवस गेले आहेत आणि चैत्रात भरतील. पहिले बाळंतपण माहेरचे. मागची खोली त्याच दिवशी शकुनच्या नावावर झाली.

पाया श्रावणात खोदला होता. आमच्याकडची काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. तिच्यावर घर बांधणे म्हणजे म्हशीच्या पाठीवर उतरंड रचणे. म्हणून ठराव असा झाला होता की मुरूम लागेपर्यंत खोदायचे, मग ते किती का हात होईना. पण जोशीबुवांनी काढलेला मुहूर्त सकाळी सव्वानऊचा होता आणि सव्वानऊपर्यंत मुरूम लागला होता फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात. "बाकीच्या चरीले मुरूम लागू द्या," असे खुशालराव एकदा म्हणाले. मुहूर्त टळू द्यायला बाई तयार नव्हत्या. "मंग जेवन झाल्यावर खोदतो," असे ठरले.

पूजा ईशान्येलाच व्हायची असते. आम्ही सगळ्यांनी वाकून त्या कोपऱ्यात पाहिले. पाच हात खाली पिवळाधमक मुरूम होता, त्यावर हळदकुंकू पडले, नारळ फुटला. मग पंगत बसली. पुरणपोळ्या बाईंनी स्वतः वाढल्या. आम्ही हात धुऊन उठलो तोवर चारी बाजूंची चर दगडांनी भरून आली होती. ठेकेदाराच्या कामाला उरक आहे, असे आम्ही कौतुकाने म्हणालो. तेव्हा खोदले कधी, हे कोणी विचारले नाही. पोट भरलेले होते.

माघात जमीन वाळली आणि मागच्या खोलीचा नैर्ऋत्येचा कोपरा फाटला. तडा चौकटीपासून आढ्यापर्यंत गेला. खुशालराव आले, चुना भरून घेतला, हसले.

"नवं घर हाये बाई, बसून राहिलं. नवी सून नाइ का रुळत वर्षभर?"

"हे बसून नाइ राहिलं, खुशालराव. हे मोर्शीले निघालं."

पंधरा दिवसांत तडा पुन्हा उघडला. पुन्हा चुना, वर सफेदी. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसता निरोप पाठवला की चुना महाग झाला आहे. मग बाई त्यांच्या घरी गेल्या आणि पाया उघडून दाखवा म्हणाल्या.

"पायाले हात लावान तं माही जबाबदारी संपली," खुशालराव म्हणाले. "मंग भिंत पडली तं मले सांगू नका."

पाया उघडला तर ठेकेदार सुटणार, न उघडला तर भिंत सुटणार, अशी बाईंची कोंडी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कुदळ घेऊन नैर्ऋत्येच्या कोपऱ्याशी खड्डा खोदू लागल्या. बातमी लागताच खुशालराव धावत आले.

"काहून खोदून राहिल्या?"

"निंबू लावून राहिली."

"भिंतीले खेटून निंबू लावते कोनी?"

"माळ्याच्या बाईले निंबू शिकवता का तुमी?"

दोन हातांवर पायाचे दगड संपले. खाली निव्वळ काळी माती. बाई आणखी तीन हात खाली गेल्या, तेव्हा मुरूम लागला. एवढ्या खोल निंबू लावल्याचे मी ऐकलेले नाही. खड्डा बुजवायला त्यांनी नकार दिला. झाड आणायचे आहे, म्हणाल्या.

झाड काही आले नाही, नत्थुजी आले. हे माळी समाजाचे पंच. समाजाच्या देवळाला सभामंडप बांधायचा होता आणि ते काम खुशालरावांना मिळणार होते. नत्थुजींनी खड्ड्यात बांबू सोडला, वर काढला, त्यावरची माती बोटाने चोळून पाहिली.

"खुशालराव, देवाचंबी असंच का? ईशान्य पक्की आन बाकी भगवान भरोसे?"

"मुहूर्ताची घाई बाईचीच व्हती, जी. इचारा त्याइले."

हे खरे होते. सगळे बाईंकडे पाहू लागले. बाईंनी कोणाकडे पाहिले नाही, बांबूकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मुहूर्त माहा, चुकलं. पन जेवन झाल्यावर खोदतो म्हनलं व्हतं ना? पाच पोळ्या खाल्ल्या तुमी."

"पोळ्याचा हिशोब काढता का आता?"

"पोळ्या पचल्या. पाया नाइ पचू देनार."

शेवटी असे ठरले की मागच्या खोलीच्या भिंतींना टेकू द्यायचे, थोडे थोडे खालून खोदून मुरमापर्यंत नवे दगड बसवायचे आणि सगळा खर्च ठेकेदाराचा. मुहूर्ताच्या घाईबद्दल मजुरांची भाजीभाकर बाईंकडे. कामाला किती दिवस लागतील, असे बाईंनी विचारले. दीड महिना, खुशालराव म्हणाले.

"मंग माही पोरगी कोठी बाळंत होईन?"

"ते मी कसं सांगू?"

"मी सांगते. तुमच्या घरी."

नत्थुजी सभामंडपाबद्दल काही बोलले नाहीत, फक्त खोकले. पार्वताला विचारावे लागेल, असे खुशालराव म्हणाले. पार्वताबाई म्हणजे त्यांची बायको. विचारायला गेलो तर तिने उंबऱ्यातूनच सांगितले, "पाठवून द्या पोरीले. आपलं घर काही ह्याइनं नाइ बांधेल, सासऱ्यानं बांधेल हाये. पक्कं हाये."

शकुन फाल्गुनात ठेकेदाराच्या घरी राहायला आली. मनकर्णाबाई रोज संध्याकाळी लेकीला डिंकाचा लाडू घेऊन जात आणि जेवायला बसलेल्या खुशालरावांना विचारत, आज किती हात झाले. घास हातात असताना खोटे सांगणे कठीण जाते. खुशालराव दिवसभर खड्ड्यापाशी उभे राहू लागले. त्यांनी इतके चांगले काम आयुष्यात कधी केले नसावे, आणि तेही फुकट.

चैत्रात एका पहाटे शकुनला कळा लागल्या. खुशालराव स्वतः जाऊन गंगूबाई सुईणीला घेऊन आले. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बाळ-बाळंतीण नव्या घरी गेली. मागची खोली तेव्हापासून फाटलेली नाही. सभामंडपाचे कामही खुशालरावांना मिळाले. तिथे पंचांनी चारी कोपऱ्यांत उतरून पाहिल्यावर पंगत बसली, आणि पोळ्या गार झाल्या होत्या.

बारशाला खुशालरावांनी आपण सुईणीला दिलेल्या पैशाची आठवण करून दिली.

"खोली वेळेवर असती तं सुईन माह्या घरी आली असती," बाई म्हणाल्या.

"तरी पैसे तं लागलेच असते ना, बाई?"

"पाहू," बाई म्हणाल्या आणि घुगऱ्या वाटायला उठल्या.

तो मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. सुईणीचे अडीच रुपये मनकर्णाबाईंकडून खुशालरावांना येणे आहेत.